दोन सिलिंडरचा १२ व्होल्ट कंप्रेसर: काळ्या चिखलात गाडी घालणाऱ्यांनी घ्यावा का?

विदर्भात पावसाळ्यात वावरापर्यंत गाडी न्यावी लागते, टायर ट्यूबलेस आहेत आणि हवा मारायचं दुकान चार-पाच किलोमीटरच्या आत नाही, अशांनी टायरमध्ये हवा भरायचा हा कंप्रेसर घ्यावा. मड टायरच्या आधी घ्यावा, विंचच्या (फसलेली गाडी ओढून काढायच्या चरखीच्या) तर नक्कीच आधी. ज्यांची गाडी डांबरी सोडून खाली उतरतच नाही त्यांना याची गरज नाही. त्यांना लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप पुरतो.

ही वस्तू एका कंपनीची नाही. दोन सिलिंडर, मधे मोटर, वर हँडल, खाली पत्र्याचा पाय, बॅटरीला लावायचे लाल-काळे चिमटे, गुंडाळी नळी आणि चेनची पिशवी, असा एकाच घडणीचा माल कितीतरी नावांनी विकला जातो. डब्यावर कुठे ७० लिटर, कुठे १०० तर कुठे १५० लिटर दर मिनिटाला असं छापलेलं असतं. नावावर जाऊ नका. काय बघून घ्यायचं ते खाली येईलच, पण त्याआधी हवेचं गणित समजून घेतलं पाहिजे. हवा भरण्याच्या या यंत्राचा चिखलातला खरा फायदा हवा सोडण्यात आहे.

चिखलात टायरची हवा कमी करावी हे बहुतेक ड्रायव्हरांना माहीत असतं. तरी करत कुणी नाही, कारण सोडलेली हवा परत भरायची कुठे? अर्ध्या हवेवर दहा किलोमीटर डांबरीवरून गाव गाठायचं म्हणजे टायरच्या बाजू चुरगळून टाकायच्या. मग ३२ पॉइंट (म्हणजे पीएसआय) हवेवरच गाडी पांदणीत, म्हणजे शेतरस्त्यात, घातली जाते, ती फसते आणि ट्रॅक्टरवाल्याला फोन लागतो. गाडीत भरवशाचा कंप्रेसर असला की हवा सोडताना हात कचरत नाही.

हवा किती ठेवायची

बोलेरोसारखी गाडी माणसं-सामान धरून दोन टनांच्या आसपास जाते, म्हणजे एका चाकावर ५०० किलो. टायरमध्ये ३० पीएसआय असतील तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलोचा दाब होतो. ५०० किलो पेलायला २३७ चौरस सेंटिमीटर टायर जमिनीला टेकावा लागतो. हवा १८ वर आणली की तोच आकडा ३९५ च्या घरात जातो. टायरची बाजूही थोडा भार उचलते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक पडतो, पण हिशेब हाच. टेकलेला भाग रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो. म्हणून चाक चिखल पुढे ढकलत बसण्याऐवजी त्यावर चढतं.

पण विदर्भातला चिखल एकसारखा नाही, त्यामुळे सगळीकडे एकच आकडा धरून चालत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. दर्यापूर, तेल्हारा, संग्रामपूर या भागात काळी माती खोलच खोल. पाण्याने फुगते, निचरा होत नाही, आणि झड लागली की पांदणीला तळच राहत नाही. यवतमाळच्या डोंगराळ भागात वीतभर मातीखाली मुरूम लागतो. भंडारा, गोंदियात धानाच्या बांध्यांमध्ये दरवर्षीच्या चिखलणीने वीतभर खाली कडक थर तयार झालेला असतो. मेळघाटात चिखल कमी आणि धारदार दगड जास्त.

उतरून सब्बल किंवा जाड काठी खुपसून पाहणं ही पहिली पायरी. गाडीतून बसल्या बसल्या अंदाज बांधू नका. पाणी साचलेली जागा दिसायला वाईट असली तरी तळाशी मुरूम असू शकतो, आणि वरून सुकून भेगा पडलेल्या पांदणीखाली लोण्यासारखी माती असते. झड उघडून दोन दिवस ऊन पडलं की ही फसगत हमखास होते.

सब्बल चार ते सहा इंचांवर कडक लागली तर हवा २४ ते २६ ठेवा. इथे टायरने वरचा गारा कापून खाली मुरमाला धरायचं असतं. हवा फार सोडली तर टायर वरच्या साबणासारख्या गाऱ्यावर तरंगतो आणि गाडी धुऱ्याकडे (बांधाकडे) घसरत जाते. शेतरस्त्यांच्या मातोश्री योजनेतून मुरूम पडलेल्या पांदणी या प्रकारात मोडतात, निदान मुरूम वाहून जाईपर्यंत.

सब्बल फूटभर सहज गेली आणि तळ लागला नाही तर १८ ते २०. जिप्सी किंवा जिम्नीसारख्या हलक्या गाडीला आणखी दोन कमी चालतात. सब्बल इतकी आत जात असेल आणि पुढे पन्नास-साठ फुटांपेक्षा जास्त लांबीचा तसाच पट्टा असेल, तर कितीही हवा सोडून उपयोग नाही. मागच्या डिफरन्शियलखाली (मागच्या दोन चाकांमधल्या गोळ्याखाली) सात-आठ इंचांचीच जागा असते. ते मातीला टेकलं की चाकं नुसती फिरतात. अशा वेळी गाडी डांबरीवर ठेवून पायी जावं.

मेळघाटासारख्या दगडी वाटेवर २४ च्या खाली जाऊ नका. फुगलेली बाजू दगडाला घासून फाटते, आणि बाजूला फाटलेल्या टायरला रस्त्यात पंक्चरचा प्लग टिकत नाही.

१८ इंची किंवा त्याहून मोठी रिम आणि पातळ बाजूचा टायर असेल तर २२ ही खालची हद्द समजा, नाहीतर रिम दगडावर आपटते. जुन्या जीप, कमांडर आणि ट्यूबवाल्या टायरांनाही २२ च्या खाली नको. कमी हवेत टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि वॉल (हवा भरायचा व्हॉल्व्ह) मुळातून तुटतो. कापसाने भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरांची हवा तर सोडूच नये. चिखल असेल तर माल आधी उतरवा.

फसल्यावर चौदा-पंधरापर्यंत जाता येतं, पण फक्त बाहेर निघेपर्यंत. स्टेअरिंग सरळ, चालत्या माणसाच्या वेगाने. तेवढ्या हवेत स्टेअरिंग पूर्ण कापलं की टायरची कड रिमवरून उतरते. मग काय होतं ते पुढे सांगितलं आहे.

वेगाचंही ठरवून टाका: १८ वर ताशी २५-३०, २५ वर फार तर ४०. डांबरी लागली की आधी हवा भरायची. समृद्धीवर चढायचं असेल तर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा एक पॉइंटही कमी नको. १२० च्या वेगात कमी हवेचा टायर आतून तापतो आणि फुटतो. गाडीत हवेचा दिवा असेल तर तो डॅशबोर्डवर लागलेला असतोच. चिखलात त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं, डांबरीवर नाही.

अजून एक गोष्ट बरेच जण विसरतात. महामार्गावरून तापून आलेल्या टायरमध्ये तीन-चार पॉइंट जास्त दिसतात. दर दहा अंशांना साधारण दीड पॉइंट, असा हिशेब धरा. गरम टायरची हवा १८ वर आणली आणि गाडी पाण्यात-गाऱ्यात गेली की थोड्या वेळात तीच १५-१६ होते. म्हणून तापलेल्या टायरला दोन पॉइंट वर थांबावं.

कमी हवेचा काळ्या मातीत वेगळा एक फायदा आहे. ही माती टायरच्या नक्षीत अशी बसते की चांगला ऑल टेरेन टायरही चार फेऱ्यांत गुळगुळीत होऊन जातो. हवा कमी असली की टायर टेकताना दबतो, सुटताना ताणतो, आणि ठोकळ्यांमधली माती थोडी तरी झडते. साध्या हायवे टायरवर हा फरक कमी, मड टायरवर स्पष्ट दिसतो. शिवाय चाकोऱ्या उथळ पडतात. ३२ हवेवर गाडी नेऊन पांदण उखडून ठेवणाऱ्याला बाजूच्या वावरवाल्याच्या शिव्या बसतात, आणि त्या योग्यच आहेत.

आता कंप्रेसर

२१५/७५ आर १५ मापाच्या टायरच्या पोटात साधारण ४० लिटर जागा असते. १८ वरून ३० वर न्यायचं म्हणजे १२ पीएसआय वाढवायचे. १२ ला १४.७ ने भागून ४० ने गुणलं की ३३ लिटर मोकळी हवा होते. चार टायरांना १३० लिटर. डब्यावर ७० लिटर लिहिलं असलं तर दोन मिनिटांत काम व्हायला हवं, पण होत नाही. तो आकडा नळीचं तोंड उघडं असतानाचा असतो. टायरच्या दाबाविरुद्ध ढकलताना तोच कंप्रेसर निम्म्याच्या आसपास येतो. चांगला दोन सिलिंडरवाला एका टायरला मिनिटभर घेतो. एका चाकावरून दुसऱ्याकडे जाणं, नळी सोडणं-लावणं धरून चारही टायर दहा मिनिटांत होतात. शेताच्या कडेला पाऊस अंगावर घेत उभं राहायला एवढा वेळ परवडतो.

म्हणून डब्यावरच्या आकड्यापेक्षा स्वतःची परीक्षा घ्या, आणि ती माल परत करायची मुदत संपायच्या आत घ्या. टायर १८ वर आणा, मोबाइलवर घड्याळ लावा, ३० होईपर्यंत भरा. वर काढलेल्या ३३ लिटरला लागलेल्या मिनिटांनी भागा. तीस-पस्तीसच्या वर आलं तर माल ठीक. वीसच्या खाली आलं तर तुम्ही दोन सिलिंडरचे पैसे देऊन एकाचा पंप घेतला आहे. थर्ड पार्टी माल विकणाऱ्यांचा वॉरंटीचा अनुभव सगळीकडे सारखाच आहे, त्यामुळे मुदतीत परत करणं हाच खरा उपाय.

लायटर सॉकेटवरचे पंप का पुरत नाहीत, याचं कारण सॉकेटच्या फ्यूजमध्ये आहे. तो बहुतेक गाड्यांत १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे फार तर दीडशे-पावणेदोनशे वॉट. चिमट्यांवरचा कंप्रेसर सहज २५-३० अँपिअर ओढतो. छोटा पंप खरं तर मिनिटाला बारा-पंधरा लिटर देतो. चार टायरांना दहा-बारा मिनिटं सतत चालवावा लागतो, आणि त्याची सतत चालण्याची मुदतच दहा मिनिटांची असते. होईल, पण पंप रडत रडत करेल. चार्जिंगवाले हातपंप दिसायला देखणे आहेत, पंक्चर टायर दुकानापर्यंत नेण्यापुरते चांगले आहेत. चारही टायर १८ वरून वर न्यायचे तर त्यांची बॅटरी दोन-तीन टायरांत दम टाकते, आणि वावरात चार्ज कुठे करणार? बजेटच नसेल तर दोन नळ्यांचा पायपंप घ्या. टायरमागे शे-सव्वाशे ठोके लागतात. घाम निघतो, पण तो बिघडत नाही.

कंप्रेसर उघडून आधी वायर आणि चिमटे पाहा. बहुतेक स्वस्त मालाची गडबड इथेच असते. वायरची रबरी साल जाड आणि आतली तार बारीक, कित्येकदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम. दोन मिनिटं चालवून वायरला हात लावा. कोमट लागली तर चालेल, हात ठेववत नसेल तर वायर बदलून घ्या. चिमट्यांची स्प्रिंग ढिली आणि दात फक्त टोकाला टेकणारे असतील तर तिथे ठिणग्या पडतात आणि बॅटरीचं टर्मिनल काळं पडतं. तालुक्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून जाड वायर आणि पितळी चिमटे लावून घेणं ही या कंप्रेसरवरची सगळ्यात शहाणी दुरुस्ती. वायरच्या मध्ये फ्यूजची डबी असलीच पाहिजे. नसेल तर बसवा, आणि फ्यूज कंप्रेसरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा थोडाच जास्त ठेवा. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात तार अडकवणाऱ्यांनी बोनेटखाली आग लावून घ्यायची तयारी ठेवावी.

नळी पाच मीटरची हवी. बोलेरो चार मीटरच्या जरा आत. कंप्रेसर बोनेटजवळ ठेवून मागच्या चाकाला नळी पोचली पाहिजे, आणि ती ताणून नव्हे. ताणलेली गुंडाळी नळी वॉलला तिरकं ओढते आणि मुळाशी रबर चिरते. कंप्रेसरकडचं पितळी टोक चार टायरांनंतर चांगलंच तापतं, ते उघड्या हाताने सोडायला जाऊ नका.

टायरकडच्या टोकाला दोन प्रकार येतात. आट्यांचं स्क्रू टोक घट्ट बसतं, पण सोडताना चार-पाच आटे फिरेपर्यंत हवा फुस्स होते, एखादा पॉइंट जातो. म्हणून एक पॉइंट जास्त भरा. खटक्याचं टोक झटपट लागतं. चिखलाने भरलेल्या वॉलवर मात्र ते निसटतं, आणि स्वस्त खटक्याचं रबर एका पावसाळ्यात झिजतं. काळ्या मातीत स्क्रू टोकच बरं.

कंप्रेसरवरच्या मीटरवर विसंबू नका. चालू असताना तो नळीतला दाब दाखवतो, टायरमधला नाही. ३४ दिसतात, बंद केला की २९. त्यातून या मीटरची पट्टी ० ते १५० किंवा त्याहून मोठी असते, त्यात १८ आणि २० मधलं अंतर केसाएवढं. वेगळा डायल गेज घ्या, ० ते ६० पट्टीचा, रबरी कव्हरचा. चिखलातली हवा ठरवताना आपण १५ ते ३० च्या मध्येच खेळतो. ६० च्या पट्टीवर तो भाग मधल्या अर्ध्या पट्टीत येतो, आणि डायल गेज मध्यातच सगळ्यात बरोबर दाखवतात. पेनासारखे सरकपट्टीचे गेज धुळीने अडकतात, ते घेऊ नका. नवा गेज घेतला की एकाच टायरला लागोपाठ तीनदा लावून पाहा. तिन्ही वेळा अर्ध्या पॉइंटच्या आत यावं आणि काढल्यावर काटा शून्यावर बसावा. खरा आकडा किंचित चुकला तरी चालेल, पण दरवेळी वेगळा दाखवणारा गेज बिनकामाचा.

पैसे मोजके असतील तर गेज आधी आणि कंप्रेसर नंतर, हा क्रम.

वापरायची रीत

इंजिन चालू ठेवा, हँडब्रेक ओढा. लाल चिमटा प्लसला, मग काळा मायनसला किंवा इंजिनच्या उघड्या लोखंडाला. काढताना उलट क्रम. कंप्रेसर चिखलात ठेवू नका, खाली पोतं किंवा मॅट टाका. त्याच्या फिल्टरमधल्या स्पंजने ओलं आणि गाळ ओढला की सिलिंडरच्या आतली रिंग खरवडते. आठवड्यातून एकदा स्पंज काढून झटका.

टोपी काढायच्या आधी वॉलवर बाटलीतलं पाणी ओता. हे सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम आहे, आणि दुसऱ्या दिवशी टायर बसलेला दिसतो त्याचं कारण बहुतेकदा हेच. चिखलाचा एक कण वॉलपिनच्या (वॉलच्या आत हवा अडवणाऱ्या पिनच्या) रबरावर बसला की हवा रात्रभर झिरपते. भरून झाल्यावर वॉलच्या तोंडाला थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहा. पंक्चरवाले उगाच करत नाहीत. बुडबुडा आला तर पिन क्षणभर दाबून थोडी हवा जाऊ द्या, कण उडून जातो. तरी नाही थांबलं तर पिन बदला. टोप्या प्लास्टिकच्याच बऱ्या, ॲल्युमिनियमच्या शोभेच्या टोप्या पितळी वॉलवर गंजून जाम होतात.

हवा सोडण्यासाठी काडीने पिन दाबून बसलात तर टायरमागे दोन-तीन मिनिटं जातात. डिफ्लेटर नावाची वस्तू मिळते, ती वॉलवर फिरवायची, आतल्या दांडीने पिनच बाहेर काढायची आणि सरकती कडी मागे ओढली की हवा भसाभस जाते. ३० वरून १८ ला अर्धा मिनिट. वस्तू चांगली आहे, पण चैन आहे. दोन सूचना: कडी बंद केल्याशिवाय तिचा गेज खरा आकडा दाखवत नाही, आणि परत लावताना पिन पूर्ण आत गेल्याची खात्री करूनच डिफ्लेटर सोडा. पिन चिखलात पडली की सापडत नाही. पाच-दहा पिनांची पुडी आणि पिन फिरवायची किल्ली गाडीच्या खणात ठेवा. फार स्वस्त मिळते.

किती वेळ चालवायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, बहुधा पंधरा-वीस मिनिटं चालू आणि तेवढाच आराम. चार टायर आणि एखादी स्टेपनी त्यात बसते. कंप्रेसर मध्येच गप्प झाला तर घाबरू नका, तापून आतला कटआउट (आपोआप बंद करणारा स्विच) पडला असतो. दहा मिनिटं सावलीत ठेवला की चालू होतो. बटण चालू ठेवून सोडू नका, थंड झाला की तो आपोआप सुरू होतो आणि नळी भलत्याच्या पायात जाते.

काय काय बिघडतं

टायरची कड रिमवरून उतरणं हे सगळ्यात वाईट. कंप्रेसर टायर भरू शकतो, पण उतरलेली कड बसवायला एकदम भरपूर हवा लागते, आणि तेवढी याच्यात नाही. तरी उपाय आहे. गाडी जॅकवर घ्या, कड आणि रिम धुवा, साबणाचं पाणी लावा. पिन काढून टाका म्हणजे हवा मोकळी आत जाईल. टायरच्या मध्यावर मालवाहू गाड्यांचा रॅचेट पट्टा गुंडाळून आवळा, त्याने कडा बाहेर ढकलल्या जातात. मग कंप्रेसर सुरू करा आणि पट्टा हळूहळू ढिला करा. दोन्ही कडा ठक ठक वाजून बसल्या की पिन लावून हवा भरा. बोटं कडेच्या मध्ये घालू नका. पेट्रोल किंवा स्प्रे मारून काडी लावायचे व्हिडिओ फिरतात, तो मूर्खपणा करू नये.

कड उतरली नाही तरी कमी हवेत तिच्या आणि रिमच्या मध्ये गाळ, बारीक खडा शिरतो. हवा भरल्यावर टायर दिवसाला तीन-चार पॉइंट सोडत राहतो आणि पंक्चर सापडत नाही. पंक्चरवाल्याला सांगून टायर खोलून कड साफ करून घ्या, प्लग मारत बसू नका.

दुसरा शत्रू धसकटं. कापूस किंवा तूर कापल्यावर उरलेलं तिरकं टोक वाळलं की खिळ्यासारखं होतं, आणि बांधावर टाकलेल्या बाभळीच्या फांद्यांचे काटे वेगळेच. हवा कमी असताना बाहेर आलेली बाजू नेमकी त्यांच्यावर येते. फसलेल्या चाकाखाली पऱ्हाटी, तुराट्या टाकायच्या तर मुळाकडचा भाग तोडून टाका, आणि काड्या चाकाच्या वाटेला आडव्या पसरा. सोबत प्लगचं किट ठेवा. नक्षीतलं भोक त्याने भरतं, बाजूचं नाही.

आणि चिखलातून आल्यावर रिमच्या आतला गोळा काढल्याशिवाय गाडी पळवू नका. चाकाच्या पोटात बसलेली दोन-चार किलो माती सुकली की स्टेअरिंग ८० वर थरथरतं, आणि माणूस अलाइनमेंटवर पैसे घालवतो.

ट्रॅक्टरलाही चालतो का

चालतो, पण सबुरीने. १३.६-२८ च्या मागच्या टायरला शेतात साधारण १२ ते १६ हवा ठेवतात, ट्रॉली ओढायला थोडी वाढवतात. टायर मोकळा असेल तर पोट इतकं मोठं की दोन पॉइंट वाढवायलाही कंप्रेसरचा घाम निघतो. वजनासाठी टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर हवेची जागा कमी, त्यामुळे काटा झटकन चढतो. थोडं थोडं भरून तपासत जा. तपासताना वॉल वरच्या बाजूला आणा, नाहीतर पाणी गेजमध्ये शिरून तो खराब होतो. पाणी भरलेल्या टायरांसाठी स्वस्तातला वेगळा गेज ठेवला तर उत्तम. घरातल्या दुचाकीपासून बैलगाडीच्या रबरी चाकापर्यंत बाकी सगळ्याला हा कंप्रेसर पुरून उरतो. रोजचा उपयोग पाहिला तर पैसे तिथेच वसूल होतात.

पावसाळा संपला की तो गाडीच्या डिकीत पोत्याखाली फेकून देऊ नका. नळी सैल गुंडाळा, पाच मिनिटं नुसताच चालवून आतली ओल उडवा आणि कोरडा करून पिशवीत ठेवा. नळीच्या जोडातली रबरी रिंग आणि फ्यूज हे दोनच भाग वारंवार लागतात. दोन्ही आताच जास्तीचे घेऊन पिशवीच्या कप्प्यात टाका, कारण ऐन आषाढात तालुक्याला ते मिळायचे नाहीत.